प्रश्न तुमचे, हिशेब आमचा: दोरा नकाशावर नको, पृथ्वीगोलावर ताणा

प्रश्न : मुलगा मुंबईहून न्यूयॉर्कला जाणार आहे. तिकिटावर रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोचणार असं छापलंय, म्हणजे साडेसहा तास! येताना मात्र दुपारी बाराचं विमान दुसऱ्या दिवशी साडेअकराला. अंतर एकच, मग एवढा फरक कसा? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं. त्यामुळे साडेसहात साडेनऊ मिळवा : जाताना १६ तास. येताना साडेतेवीसातून साडेनऊ वजा : १४ तास. नोव्हेंबरचा पहिला रविवार ते मार्चचा दुसरा रविवार या काळात तिथलं घड्याळ आणखी एक तास मागे असतं, तेव्हा साडेदहा धरा. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

उरलेले दोन तास वाऱ्याचे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला आणि वाटेत सरासरी ५० किमीचा वारा समोरून आला, तर १२,५०० किमीला पावणेपंधरा तास लागतात. तोच वारा पाठीमागून असेल तर सव्वातेरा. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास वेगळा. बंद हवाई हद्दींना वळसा पडला की वेळ आणखी वाढते.

१२,५०० कुठून आले? ३० सेंमी व्यासाचा शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबई आणि न्यूयॉर्कवर शिवणाचा दोरा घट्ट ताणा. दोरा अरबस्तान सोडून रशिया, स्वीडन, नॉर्वे, आइसलँडजवळून जाईल. लांबी साडेएकोणतीस सेंमीच्या आसपास भरेल. एक सेंमी म्हणजे ४२५ किमी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने आखलेली रेघ दिसते सरळ, पण त्या वाटेने गेलात तर १४,२०० किमी पडतात.

आणि महत्त्वाचं : रात्री दीडचं विमान १२ तारखेचं असेल, तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री साडेदहालाच हजर राहायचं. १२ च्या संध्याकाळी कोल्हापुरातून बसमध्ये बसलात, तर विमान केव्हाच गेलेलं असेल.

प्रश्न : उजळाईवाडी (कोल्हापूर विमानतळ) ते मुंबई हवाई अंतर जेमतेम ३०० किमी. ताशी ९०० ने वीस मिनिटं व्हायला हवीत, तासभर का लागतो? – एक वाचक, गांधीनगर

९०० चा वेग फक्त वर, लांबच्या पल्ल्यात. तीनशे किलोमीटरमध्ये चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू होतं. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर वेग मुळातच ५०० च्या घरात. त्यात मुंबईची धावपट्टी मोकळी मिळेपर्यंत आभाळात घिरट्या, त्या कुणाच्याच हिशेबात बसत नाहीत.