कळीचा चुना भिजवताय? आधी हे वाच भाऊ

मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावायचीये ना, मग मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, कळीचा चुना (न भिजवलेला) १ किलो, पाणी १० लिटर, हे तू सांगितलेलं प्रमाण बरोबरे, पण चुना भिजवताना घाई नको. पाण्यात थोडाथोडा चुना टाक, चुन्यावर पाणी कधीच ओतू नको, एकदम खदखदतो अन् अंगावर उडतो. भिजवायला लोखंडी घमेलं चालतं, पातळ प्लास्टिक वितळतं, मोरचूद मात्र लोखंडात नको, तो प्लास्टिकमध्येच. गॉगल अन् हातमोजे घाल, डोळा जातो रे, खरंच सांगतो. उडालाच तर चोळू नको, १५-२० मिनिटं साध्या पाण्याने धुत राहा अन् लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे. दुकानातून ढेकळंच घे, हवा लागून भुकटी झालेला चुना कामाचा नाही. चुना अन् मोरचूद एकत्र केल्यावर त्या मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघ, पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना टाक.