कंट्री आणि फोक गायक-गीतकारांचे अल्बम: ऐकायला आणि गिटारवर बसवायला कुठून सुरुवात करावी?

तुमचे प्रश्न दोन आहेत: स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या कंट्री-फोक (अमेरिकी ग्रामीण आणि लोकसंगीताच्या वळणाच्या) कलाकारांचा पहिला अल्बम कोणता ऐकावा, आणि नेटवरचे कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) वाजवूनही गाणं रेकॉर्डसारखं का लागत नाही. ज्या रेकॉर्डवर एकच गिटार आहे आणि ती स्वच्छ ऐकू येते, तिथून सुरुवात केलीत तर दोन्ही सुटतात. 'बेस्ट ऑफ' संग्रह तूर्त बाजूला ठेवा. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या स्टुडिओंतली गाणी एकापाठोपाठ आली की कलाकाराचा हात ओळखीचा होत नाही.

पहिला अल्बम म्हणून मी अमेरिकी गायक-गीतकार टाउन्स व्हॅन झँटचा 'लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर, ह्यूस्टन, टेक्सस' सुचवेन. जुलै १९७३ मध्ये एका लहानशा बारमध्ये तो रेकॉर्ड झाला आणि १९७७ मध्ये दुहेरी एलपी (दोन मोठ्या तबकड्या) म्हणून आला. एक गळा, एक गिटार, बस्स. त्याच्या १९६८ च्या पहिल्या अल्बमवर इतका वाद्यमेळ चढवला होता की त्यातली चार गाणी त्यानं पुढच्याच वर्षी साधेपणानं पुन्हा रेकॉर्ड केली. 'वेटिंग अराउंड टु डाय' हे गाणं १९६८, १९६९ आणि ओल्ड क्वार्टर असं तिन्हीकडे लागोपाठ ऐका. शब्द आणि चाल तीच, पण कशानं गाणं दबतं आणि कशानं मोकळं होतं, ते लगेच कळतं.

हे ऐकताना हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर खर्जाच्या तारा जवळजवळ गायब होतात, आणि या शैलीचा सगळा डोलारा अंगठ्यावर आहे. अंगठा एकाआड एक दोन खर्जाच्या तारा ठोक्यावर वाजवत राहतो, बोटं वरच्या तारांवर मध्येमध्ये सूर टाकतात. सी कॉर्ड धरून अंगठ्यानं पाचवी, चौथी, सहावी, चौथी असा तारांचा क्रम ठेवा (सहावी म्हणजे सर्वांत जाड तार; तिच्यासाठी तिसरं बोट पाचवीवरून उचलून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात, न्यायचं). मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून आधी नुसता अंगठा पक्का करा. मग बोटांनी दुसरी तार ठोक्याबरोबर आणि पहिली तार दोन ठोक्यांच्या मध्ये. सगळ्यांचं इथेच अडतं: बोट मधल्या जागेवर पडलं की अंगठा अडखळतो. असं झालं तर वेग वाढवू नका, बोटाचा एक सूर कमी करा. गाणं म्हणायला लागल्यावर अंगठा पुन्हा एकदा अडखळेल, त्याला तोच उपाय.

पट्टीचं म्हणाल तर कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) घ्या, कॉर्ड बदलत बसू नका. तुमची पट्टी काळी एक असेल तर सीचे आकार आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर. काळी चार असेल तर जीचे आकार, कॅपो तिथेच.

आता न लागणाऱ्या कॉर्ड्सबद्दल. निक ड्रेक इंग्लंडचा, कंट्रीचा नव्हे, पण त्याचा 'पिंक मून' (१९७२) या वाटेवर टाळता येणार नाही. जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा अल्बम, शीर्षकगीतातला थोडा पियानो सोडला तर फक्त गिटार आणि आवाज. शीर्षकगीत नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नाहीच. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत सी-जी-सी-एफ-सी-ई, कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. म्हणजे सहावी चार स्वरांतरं खाली (एक फ्रेट म्हणजे एक स्वरांतर), पाचवी, चौथी आणि तिसरी प्रत्येकी दोन खाली, दुसरी एक वर, पहिली तशीच. सहावी उतरवली की गिटारच्या मानेवरचा ताण कमी होऊन बाकीच्या तारा किंचित चढतात, म्हणून ट्यूनरवर पूर्ण फेरी निदान दोनदा करा. तारांचा ०.०१२ चा संच (हा आकडा पहिल्या तारेची इंचातली जाडी) असेल तर सहावी सैल पडून फ्रेटवर खरखरते. ०.०१३ चा संच लावा.

जोनी मिचेलच्या 'ब्लू'चं (१९७१) तसंच आहे. लहानपणी पोलिओ झाल्यानं तिच्या डाव्या हातात जोर कमी होता, म्हणून तिनं मोकळ्या तारांची ट्यूनिंग्ज धरली. शिवाय 'कॅरी', 'कॅलिफोर्निया', 'ऑल आय वाँट' आणि 'अ केस ऑफ यू' या गाण्यांत तिच्या हातात गिटार नाही, अ‍ॅपलाचियन डल्सिमर (मांडीवर ठेवून वाजवायचं तंतुवाद्य) आहे. त्या गाण्यांचे गिटार-कॉर्ड म्हणजे अंदाजानं बसवलेली सोय आहे. ते हुबेहूब लागणारच नाहीत, त्यात तुमचा दोष नाही. 'ब्लू' आधी भरपूर ऐका, वाजवायला नंतर घ्या.

वाजवायला सोपा आणि लेखणीनं थक्क करणारा अल्बम हवा असेल तर जॉन प्राइनचा त्याच्याच नावाचा पहिला अल्बम (१९७१). 'पॅराडाइज'ला डी, जी आणि ए एवढे तीन कॉर्ड आणि तीन मात्रांचा झोका पुरतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं एक गाव कोळशाच्या खाणींनी कसं गिळलं, हे त्यात एका मुलानं वडिलांना विचारलेल्या प्रश्नातून येतं. कुठेही आवाज न चढवता इतका संताप मांडणं फार थोड्यांना जमलंय.

घरी रेकॉर्ड करायचा मोह होईलच, तेव्हा ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' (१९८२) ऐका. न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, साध्या शुअर एसएम५७ माइकवर केलेलं हे रेकॉर्डिंग खरं तर बँडला दाखवायचा कच्चा खर्डा होता. बँडबरोबर ती गाणी करून पाहिली, पण शेवटी कॅसेटच अल्बम म्हणून आली. तुमच्याकडे एकच माइक असला तरी चालेल. फक्त तो गिटारच्या भोकासमोर धरू नका, तिथे खर्ज घुमतो आणि शब्द झाकले जातात. बाराव्या फ्रेटच्या दिशेला, वीतभर अंतरावरून रोखा.