‘जगिक’ म्हणजे नेमके काय?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘ख्रिस्ती प्रवचनांत आणि लेखांत “जगिक” हा शब्द सतत भेटतो. जगिक गाणी, जगिक पेहराव, जगिक मैत्री. माझ्याकडच्या शब्दकोशात तो नाही. तो शुद्ध आहे का? “ऐहिक” किंवा “सांसारिक” असताना त्याची गरज काय? आणि देवाने जगावर प्रीती केली असे योहानाचे शुभवर्तमान म्हणते, तर जगावर प्रीती करू नका असे योहानाचे पत्र म्हणते. मग ख्रिस्ती माणसाने आजच्या संस्कृतीकडे पाहायचे तरी कसे?’

व्याकरणाचे आधी उरकून घेऊ. ‘इक’ लागला की शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते, हे आपण शाळेत शिकलो: समाज-सामाजिक, दिन-दैनिक, लोक-लौकिक, इह-ऐहिक. या न्यायाने ‘जगत्’पासून ‘जागतिक’ व्हायला हवा, आणि तो झालेलाही आहे. पण त्याने दुसराच अर्थ पटकावला. जागतिक महायुद्ध, जागतिक तापमानवाढ, जागतिक विक्रम. ‘जागतिक वासना’ असे लिहिले तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. तेव्हा मराठी ‘जग’ला सरळ ‘इक’ जोडून ख्रिस्ती मराठीने आपल्यापुरता शब्द घडवला. धनिक, रसिक, पथिक, श्रमिक या शब्दांतही पहिला स्वर जागचा हलत नाही, त्यामुळे कानाला तो खटकत नाही. रुळलेला शब्द आहे, खुशाल वापरा. कशासाठी वापरता, हा खरा प्रश्न.

शेजारच्या शब्दांनी हे काम का भागत नाही? ‘लौकिक’ आता बहुधा कीर्तीच्या अर्थाने येतो. माणसाचा लौकिक वाढला म्हणजे त्याचे नाव झाले. ‘सांसारिक’ म्हटले की घरदार, मुलेबाळे, महिन्याचा खर्च डोळ्यांपुढे येतो. ख्रिस्ती शिकवणीत या गोष्टी हिणकस नाहीत. लग्न सर्वांनी आदरणीय मानावे असे इब्री लोकांस पत्रात आहे, आणि लग्नाला मनाई करणाऱ्यांना तीमथ्याला पाठवलेल्या पहिल्या पत्रात (४:३-४) खोटे शिक्षक ठरवले आहे. देवाने निर्माण केलेली प्रत्येक वस्तू चांगली आहे, हे वाक्य तिथलेच.

राहिला ‘ऐहिक’. मराठी बायबलमध्ये तीताला पत्र २:१२ मध्ये ‘ऐहिक वासना’ असा प्रयोग आहे आणि तो वाचायला छान वाटतो. मात्र मराठी कानाला ‘ऐहिक’चा जोडीदार ‘पारलौकिक’ हाच ऐकू येतो. इथले आणि तिथले, देहाचे आणि आत्म्याचे, अशी वाटणी मनात लगेच होते. बायबलची वाटणी अशी नाही. तिथे सृष्टी ‘फार चांगली’ आहे, ‘शब्द’, म्हणजे ख्रिस्त, देही होतो, मेलेल्यांचे पुनरुत्थान देहासकट होते. इहलोक हलका आणि परलोक भारी, असा हिशेब त्यात बसत नाही. त्यामुळे ‘ऐहिक’ वाचून एखाद्याला चित्रकला, खेळ, स्वयंपाक, राजकारण हे सारेच दुय्यम वाटू लागले, तर दोष त्या वाचकाचा नाही. शब्दच त्याला तिकडे ओढतो.

आता ज्यासाठी आपण ‘जग’ म्हणतो तो मूळ ग्रीक शब्द पाहू: कॉसमॉस. त्याचा जुना अर्थ मांडणी, शिस्त, आणि त्यावरून सजावट. ‘कॉस्मेटिक’ हा शब्द याच घराण्यातला. नव्या करारातही, म्हणजे बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या ख्रिस्ती भागातही, हा अर्थ एके ठिकाणी टिकला आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:३) स्त्रियांची शोभा केस गुंफण्याने किंवा दागिन्यांनी होऊ नये असे म्हटले आहे. तिथल्या ‘शोभे’साठी ग्रीकमध्ये कॉसमॉस हाच शब्द आहे. मांडणीवरून विश्व, विश्वावरून त्यात राहणारी माणसे, आणि माणसांवरून त्यांनी देवाला वगळून लावलेली घडी, असा अर्थ पुढे पुढे सरकत गेला.

योहानाच्या लेखनात हे सगळे अर्थ शेजारी शेजारी नांदतात, आणि विरोधाभास वाटतो तो त्यामुळेच. ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला’ (योहान ३:१६) यातले जग म्हणजे माणसे, तीही देवाला पाठ फिरवलेली. ‘जगावर व जगातल्या गोष्टींवर प्रीती करू नका’ (१ योहान २:१५) यातले जग म्हणजे ती घडी, ती रीत. माणसावर प्रीती करायची आणि त्याला पिळून काढणाऱ्या रीतीवर करायची नाही, यात परस्परविरोध कसला? उलट एकातून दुसरे निघते.

हे माझे सोयीचे स्पष्टीकरण नाही. पत्र पुढच्याच ओळीत स्वतः सांगते. जगात जे आहे ते काय? ‘देहाची वासना, डोळ्यांची वासना व संसाराविषयीची फुशारकी.’ नीट पाहा, या यादीत एकही वस्तू नाही. गाणे नाही, कापड नाही, नाटक नाही. आहेत त्या हाव आणि मिरवणे या वृत्ती. (जाता जाता: इथे ‘संसार’ ज्या शब्दासाठी आला आहे तो कॉसमॉस नव्हे, बिऑस; म्हणजे उपजीविका, माणसाची मालमत्ता. याच पत्रात पुढे ३:१७ मध्ये तोच शब्द येतो: ज्याच्याजवळ साधनसंपत्ती आहे आणि भावाची गरज दिसूनही जो कळवळत नाही, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहणार? दोन ओळी जोडून वाचल्या की फुशारकी कशाची आणि ती का वाईट, हे उलगडते.)

याकोबाच्या पत्राचेही तसेच. ‘जगाची मैत्री ही देवाबरोबर वैर’ असे तो ४:४ मध्ये कडक शब्दांत बजावतो. पण त्याच्या डोळ्यांपुढे काय आहे? दुसऱ्या अध्यायात त्याने एक प्रसंग उभा केला आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगल्या जागी बसवतात. मळके कपडे घातलेला येतो, त्याला तिकडे उभा राहा किंवा माझ्या पायांजवळ बस म्हणतात. याकोबाला जग दिसले ते उपासनेच्या सभेत, बसायच्या जागा वाटताना. मला वाटते, ‘जगिक’ शब्द उच्चारण्याआधी प्रत्येक उपदेशकाने हा अध्याय वाचावा.

यानंतर हमखास येणारे वचन रोमकरांस पत्र १२:२. इथे मराठीत ‘जग’ नाही, ‘युग’ आहे: ‘ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका, तर आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या.’ भाषांतरकारांनी हा भेद राखला हे फार चांगले केले, कारण मूळ शब्दही वेगळा आहे: आयोन, म्हणजे काळ, युग. लॅटिन बायबलने त्यासाठी ‘सेक्युलुम’ वापरला आणि ‘सेक्युलर’ हा शब्द त्याच मुळाचा. युग म्हटले की बोट एखाद्या जागेकडे किंवा लोकांकडे जात नाही. हवा जशी सगळ्यांच्या फुप्फुसात असते तसे युग सगळ्यांच्या आत असते, उपासनेला बसलेल्यांच्याही. म्हणून उपायही पळून जाण्याचा सांगितलेला नाही, मन नवे होऊ देण्याचा सांगितला आहे. ‘रूपांतर करा’ असे नसून ‘होऊ द्या’ असे आहे, हेही ध्यानात घ्या. ग्रीक क्रियापद कर्मणी आहे, आणि तेच येशूचे रूप डोंगरावर पालटले त्या प्रसंगी (मत्तय १७:२) आले आहे.

त्या अध्यायात या पत्राचा लेखक, प्रेषित पौल, पुढे समरूप न होण्याचा तपशील देतो. स्वतःला वाजवीपेक्षा मोठे समजू नका, पाहुणचार करा, छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, रडणाऱ्यांबरोबर रडा, दीन लोकांत मिसळा, सूड घेऊ नका, वैरी भुकेला असेल तर त्याला खायला द्या. करमणुकीचा उल्लेख नाही. पौलाला स्वतःला ‘बाहेरच्या’ साहित्याचे वावडे नव्हते. अथेन्समध्ये बोलताना त्याने अरातस या ग्रीक कवीची ओळ आधाराला घेतली (प्रेषितांची कृत्ये १७:२८). करिंथकरांना तर त्याने स्पष्टच लिहिले की, जारकर्म्यांची संगत धरू नका असे मी म्हटले ते जगातल्या लोकांबद्दल नव्हते. तसे असते तर तुम्हाला जगातून निघून जावे लागले असते (१ करिंथ ५:९-१०). तो बोलत होता मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्याच, माणसांविषयी. आज हा बाण बहुतेक वेळा उलट्या दिशेने सुटतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लोकांनी हे कसे समजून घेतले, याचा एक सुंदर पुरावा आहे: दिओग्नेतस नावाच्या गृहस्थाला उद्देशून लिहिलेले, बहुधा दुसऱ्या शतकातले पत्र. लेखकाचे नाव मिळत नाही. तो सांगतो की ख्रिस्ती लोक देशाने, भाषेने किंवा चालीरीतींनी वेगळे ओळखू येत नाहीत. पेहराव आणि खाणेपिणे जिथल्या तिथल्या लोकांसारखेच. प्रत्येक परका देश त्यांना मायदेश, आणि प्रत्येक मायदेश परका. मग वेगळेपण कशात? ते इतरांसारखीच लग्ने करतात, त्यांना मुले होतात, पण ते नवजात मुले टाकून देत नाहीत. जेवण सर्वांबरोबर वाटून घेतात, शय्या मात्र नाही. रोमन साम्राज्यात नकोसे बाळ उघड्यावर टाकून देणे सर्रास चालत असे, हे लक्षात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचा. कपड्यांत इतरांसारखे, आणि नकोशा बाळाच्या बाबतीत पूर्ण वेगळे. ‘जगाचे नसणे’ याचा एवढा नेमका अर्थ मला दुसरीकडे क्वचितच सापडला.

उलट उदाहरणही द्यायला हवे. १९३३ साली जर्मनीत ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या चळवळीने चर्च नाझी राजवटीच्या साच्यात बसवायला घेतले, यहुदी वंशाच्या पाळकांना पदावरून दूर करण्याचे नियम आणले. त्या मंडळींपैकी अनेकजण वागण्याबोलण्यात अत्यंत शिस्तशीर, सोवळे होते. त्यांच्यावर ‘जगिक’ असा शिक्का कोणी मारला नसता. पण युगाशी समरूप होणे ते हेच. याच्या विरोधात मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमलेल्या चर्चच्या प्रतिनिधींनी काढलेल्या घोषणापत्रात चर्चला आपला संदेश चालू राजकीय मतांच्या हवाली करता येणार नाही असे ठणकावले. मसुदा मुख्यतः ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक कार्ल बार्थ यांचा. तरीही यहुद्यांच्या छळाबद्दल त्या घोषणापत्रात थेट शब्द नाही. विरोध करणाऱ्यांच्याही आत युग किती खोल शिरलेले असते, ते यावरून कळावे.

आजच्या प्रश्नांना हाच निकष लावून पाहा. मोबाइल जगिक की नाही, हा प्रश्न निरर्थक आहे. त्या पडद्यावर माझा अंगठा कुठे थबकतो, दुसऱ्याचे काय पाहून माझ्यात हाव जागी होते, आणि मी स्वतःचे काय मिरवतो, हे तीन प्रश्न योहानाच्या त्या तीन शब्दांतून सरळ निघतात. गरिबाला अन्न देतानाचा फोटो, त्यात घेणाऱ्याचा ओशाळलेला चेहरा आणि खाली बायबलचे वचन: यात एकही ‘जगिक’ गाणे वाजत नाही, पण फुशारकी पुरेपूर आहे.

त्याहून गंभीर गोष्ट माणसाच्या मोलाची. आपल्या युगाचे माप उपयोगाचे आहे. कमावतो, झपाट्याने काम करतो, कुणावर अवलंबून नाही, त्याला किंमत. अंथरुणाला खिळलेला म्हातारा, बौद्धिक अपंगत्व असलेले मूल, जन्माआधीच ‘दोष’ ठरवला गेलेला गर्भ, यांच्याबद्दल बोलताना ‘ओझे’ हा शब्द किती सहज तोंडी येतो पाहा. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे म्हणून मोलाचा, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे आणि त्या मोलात वय, आजार किंवा उत्पन्नाने घट होत नाही. उपचार कुठे थांबवावेत, कायदा कसा असावा, यावर ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक असू शकतात. पण ज्या घरात भक्तीगीतांशिवाय दुसरे काही वाजत नाही त्याच घरात आजारी सासऱ्याचा खर्च वाया गेला असे बोलले जात असेल, तर ते बोलणे जगिक आहे. इथे हा शब्द चपखल बसतो.

वाचकाने ‘जगिक’चे मूळ विशेषण विचारले नव्हते, तरी सांगतो, कारण ते फार बोलके आहे. ‘कॉस्मिकॉस’ हे विशेषण नव्या करारात दोनदाच येते. एकदा तीताच्या पत्रात, वासनांना जोडून. तिथे मराठीत ‘ऐहिक’ आहे. दुसऱ्यांदा इब्री लोकांस पत्र ९:१ मध्ये, आणि तिथे ते लागले आहे पवित्रस्थानाला: देवाच्याच आज्ञेने उभारलेल्या, दीपवृक्ष आणि समर्पित भाकरी ठेवलेल्या तंबूला. अर्थ एवढाच की ते पृथ्वीवरचे होते. म्हणजे खुद्द बायबलमध्ये हे विशेषण आपोआप शिवी होत नाही. कशाला लागले आहे ते पाहावे लागते.

तेव्हा लिहिताना माझी सूचना अशी. ‘जगिक’ वृत्तीला लावा: जगिक हाव, जगिक मोठेपणा, जगिक प्रतिष्ठेची ओढ. गाण्याला, कापडाला किंवा माणसाला लावू नका. एखादे गाणे खरोखर क्रूर किंवा अश्लील असेल तर क्रूर म्हणा, अश्लील म्हणा; त्यावर बोलता येते, वाद घालता येतो, तरुण मुलांना पटवूनही देता येते. ‘जगिक मित्र’ हा प्रयोग तर पूर्ण सोडावा. ज्या जगावर देवाने प्रीती केली, ते जग म्हणजे तो मित्रच.