कशावरून?

अनेक आशीर्वाद.

तुझं तीन पानी पत्र पोचलं. त्यातली अडीच पानं नव्या सॉफ्टवेअरवर आहेत. ते चेहरा कसा ओळखतं, किती सेकंदांत ओळखतं, साहेब किती खूश आहेत. त्याच्या जोरावर तुमच्या पोलीस ठाण्यानं दुकानातल्या चोरीसाठी ज्या मुलाला उचललं, त्याच्याबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत: 'तो नाही म्हणतोय. पण सगळेच तसं म्हणतात.' मी त्या दोन ओळींवरच अडकलो, म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

आता काय शिकू, असं तू विचारलंयस. सायबरचा कोर्स करू की डेटा ॲनालिसिसचा? दोन्ही कर. तुझ्या नोकरीत निम्म्याहून जास्त गुन्हे पडद्यावरच होणार आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये लोकांना घरोघर विचारून गुन्ह्यांची मोजणी होते, तिथे फसवणूकच एकूण गुन्ह्यांच्या सुमारे ४० टक्के निघते. पण कोर्स करताना एक शब्द जिभेवर ठेव: कशावरून? हा शब्द मला प्रशिक्षणात कुणी शिकवला नाही. तो मी माझ्या चुकीतून शिकलो.

नोकरीचं सहावं वर्ष होतं. एका गोदामात चोरी झाली. कॅमेऱ्यात नऊ वाजून दहा मिनिटांनी तिथला एक कामगार मागच्या दाराशी दिसत होता. तो म्हणत होता, मी साडेआठच्या आतच निघालो. म्हणजे खोटं बोलतोय, झालं. दोन दिवस मी त्याला बसवून ठेवलं. हात लावला नाही, पण जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी निवृत्तीला आलेले आमचे एक हवालदार ते चित्रीकरण बघत बसले होते. सहज म्हणाले, "साहेब, या मशीनचं घड्याळ कुणी लावलंय?" जाऊन पाहिलं तर ते ४३ मिनिटं पुढे होतं. माणूस खरं बोलत होता आणि मशीन चुकत होतं. मला मात्र दोन दिवस उलटंच वाटत राहिलं, कारण मशीनला घाम फुटत नाही, त्याची नजर चुकत नाही.

तेव्हापासून मी रेकॉर्डर ताब्यात घेताना त्याच्या पडद्यावरची वेळ आणि खात्रीच्या घड्याळातली वेळ एकाच फोटोत घ्यायचो, आणि फरक तिथल्या तिथे कागदावर आणायचो. हे तूही कर. आणि लगेच कर, कारण बहुतेक रेकॉर्डर जागा भरली की जुनं पुसून त्यावरच नवं नोंदवत जातात. फोन जप्त केलास तर आधी त्याचं नेटवर्क तोड, नाहीतर लांब बसलेला कुणीतरी तो रिकामा करेल. नक्कल काढताना हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरात जरा जरी बदल झाला तरी बदलणारा, गणितानं काढलेला आकडा घ्यायचा, हे तुला माहीत आहेच. त्या हॅशवरून नक्कल बदललेली नाही एवढं सिद्ध होतं. त्या रात्री फोन कुणाच्या हातात होता, हे हॅश सांगत नाही. ते तुलाच शोधावं लागतं.

आता तुझ्या सॉफ्टवेअरकडे येतो. '९२ टक्के जुळला' असं तू लिहिलंस. कशाचे ९२? हा मुलगाच चोर असण्याची शक्यता ९२ टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. दोन चित्रांमधलं साम्य त्या मशीनच्या मोजपट्टीवर तेवढं आलं, इतकंच. आपण मागितले तेवढे सर्वांत जवळचे चेहरे ते फोटोंच्या साठ्यातून काढून देतं. खरा चोर त्या साठ्यात नसेल, तरी कुणीतरी 'सर्वांत जवळचा' असणारच. साठा जितका मोठा, तितके सारखे दिसणारे जास्त.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये हेच झालं. २०१८ मध्ये एका दुकानातून घड्याळं चोरीला गेली. कॅमेऱ्यातलं अंधूक चित्र मशीनला दिलं, त्यानं एका माणसाचा लायसन्सवरचा जुना फोटो काढून दिला, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याला घरासमोर, बायको-मुलींच्या देखत बेड्या पडल्या. सुमारे ३० तास तो कोठडीत होता. तू म्हणशील, त्यांनी ओळख पटवून घेतली नव्हती का? घेतली होती. पण जिच्याकडून घेतली, ती बाई चोरीच्या वेळी तिथे नव्हतीच. तिनं फक्त तेच चित्रीकरण पाहिलं होतं. म्हणजे दुसरा पुरावा हा पहिल्याचाच प्रतिध्वनी होता. त्या माणसानं केलेल्या दाव्यात २०२४ मध्ये तडजोड झाली, तीत तिथल्या पोलिसांना मान्य करावं लागलं की नुसत्या चेहऱ्याच्या जुळणीवर अटक नाही, आणि जुळणीपाठोपाठ फोटो दाखवून करवलेल्या ओळखीवरही नाही. तुमचे दोन पुरावे असेच आहेत का, बघ. मुलाचा फोटो त्या दुकानदाराला दाखवण्याआधी त्याला कुणी काय सांगितलं होतं?

नव्या यंत्रावर सगळं ढकलू नकोस, जुनी विद्याही अशीच फसते. मार्च २००४ मध्ये स्पेनमधल्या माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. डेटोनेटरच्या, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या नळ्यांच्या, पिशवीवर बोटाचा एक ठसा मिळाला. अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या, एफबीआयच्या, संगणकानं वीस उमेदवार काढले, त्यात चौथा होता अमेरिकेतला एक वकील. एफबीआयच्या तीन तज्ज्ञांनी तो ठसा त्याचाच ठरवला, न्यायालयानं नेमलेल्या चौथ्यानंही दुजोरा दिला. स्पेनचे पोलीस एप्रिलमध्येच 'जुळत नाही' म्हणत होते. तरी मे महिन्यात तो वकील दोन आठवडे अटकेत होता. मग स्पेनला तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं आढळलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. चार तज्ज्ञ एकाच वेळी कसे चुकतात? पहिल्याचं मत काय, हे तपासणाऱ्या दुसऱ्याला ठाऊक होतं. माहीत असलेलं उत्तर ताडून बघणं फार सोपं असतं. म्हणून तुझ्या हाती असेल तिथे दुसऱ्या माणसाला पहिल्याचं मत कळू देऊ नकोस.

मी यंत्रविरोधी म्हातारा आहे असं समजू नकोस. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरची गोष्ट मी दर बॅचला सांगायचो. १९८३ आणि १९८६ मध्ये तिथे दोन शाळकरी मुलींचे खून झाले. एका सतरा वर्षांच्या मुलानं त्यातल्या एकाची कबुली दिली. दुसराही त्यानंच केला हे पक्कं करावं म्हणून लेस्टर विद्यापीठातल्या ॲलेक जेफ्रीज यांच्याकडे डीएनए तपासायला दिला. उत्तर आलं: दोन्ही खून एकाच माणसानं केलेत, पण तो माणूस हा मुलगा नाही. गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला, आणि त्यानं पहिलं काम केलं ते कबुली दिलेल्या निरपराध मुलाला सोडवण्याचं. मग हजारो पुरुषांचे रक्तनमुने घेतले, कुणीच जुळेना. खऱ्या खुन्यानं स्वतःऐवजी बेकरीतल्या सहकाऱ्याला पाठवलं होतं. तो सहकारी पबमध्ये हे बोलून गेला, एका बाईनं ऐकलं आणि पोलिसांना कळवलं. जगातला पहिला डीएनए तपास शेवटी सुटला तो एका बाईनं पोलिसांवर विश्वास टाकल्यामुळे. लोक तुझ्याशी बोलले नाहीत, तर प्रयोगशाळा काय तपासणार?

आणि कबुलीबद्दल बोलायचंच तर, 'तो नाही म्हणतोय' हे तू अडथळ्यासारखं लिहिलंस. इंग्लंडमध्ये कबुलीवर शिक्षा झालेली माणसं पंधरा-सोळा वर्षांनी निर्दोष सुटली, तेव्हा कुठे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी चौकशीची पद्धत बदलली. कबुली काढणं सोडून माहिती गोळा करणं. त्याला सगळं सांगू दे, मध्ये तोडू नकोस, तुझ्याकडचा पुरावा आधीच टेबलावर मांडू नकोस, आणि तो सांगेल ते बाहेर जाऊन तपास. खोटं बोलणाऱ्याला तपशील सांभाळावे लागतात, तो तिथेच सापडतो. खरं बोलणाराही तिथेच सुटतो.

फसवणुकीच्या गुन्ह्यात तर 'आरोपी कोण' हाच प्रश्न गुंतागुंतीचा झालाय. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं २०२३ मध्ये अंदाज मांडला की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं डांबून ऑनलाइन फसवणुकीला जुंपलेली असावीत. म्हणजे फोनवरचा तो गोड आवाज कदाचित मार खाऊन बोलतोय. आणि समोरची फिर्यादी? 'एवढं शिकलेले असून कसे फसलात?' हे वाक्य तुझ्या ठाण्यात कुणालाही बोलू देऊ नकोस. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याला आलेला ईमेल संशयास्पद वाटला होता. पण व्हिडिओ बैठकीत वरिष्ठ आणि ओळखीचे सहकारी दिसले, म्हणून त्यानं सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीत त्याच्याखेरीज एकही माणूस खरा नव्हता. त्यानं शंका घेतली होती, डोळ्यांनी खात्रीही केली होती. आणखी काय करायला हवं होतं? फिर्यादी लाजेनं दोन दिवस उशिरा आला, तर पैसा पाच-पन्नास खात्यांतून फिरून गेलेला असतो. त्याला पहिल्याच तासात तुझ्याकडे यावंसं वाटणं, हाच पैसे परत मिळण्याचा अर्धा रस्ता.

आकडेवारीबद्दल तू लिहिलेलं मी सोडून देतो. साहेबांना 'गुन्हे कमी झाले' दाखवायचंय, ते प्रत्येक साहेबाला दाखवायचं असतं. नोंदलेले कमी झाले की घडलेले, एवढं मनात विचारून पुढे जा.

राहिला साहेबांना 'कशावरून' कसं विचारायचं हा प्रश्न. तोंडावर विचारू नकोस, कागदावर विचार. नोंदवहीत 'ओळख पटली' असं लिहू नकोस. 'सॉफ्टवेअरनं सुचवलं' असं लिही. सोबत किती चेहरे सुचवले, हा कितवा होता, मूळ चित्र कसं होतं, तेही लिही आणि ती पूर्ण यादी जपून ठेव, फाडू देऊ नकोस. बचावाच्या वकिलाला ती मागण्याचा अधिकार असायला हवा. तो आपला शत्रू नाही, जरी पहिल्या उलटतपासणीनंतर तुला तसं वाटणार असलं तरी. मला तर वर्षभर वाटत होतं.

आता काम सांगतो. त्या मुलाचा जबाब पुन्हा घे, या वेळी तू कमी बोल. तो त्या वेळी जिथे होतो म्हणतोय तिथे स्वतः जा. उरलेले चेहरे कुणी पाहिलेत का ते बघ. आणि त्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलंय, ते मला उलट टपाली कळव.

तुझा,
जुना मास्तर