खोलीचा दर ठरवताना

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तारकर्लीच्या घरातील तीन खोल्या पर्यटकांना देण्याचे तू ठरवलेस आणि रात्रीचा दर किती ठेवावा, असे विचारलेस. शेजाऱ्याच्या आकड्यातून शंभर-दोनशे रुपये कमी करायचे आणि तोच आपला दर म्हणून सांगायचा, अशी रीत आपल्या किनाऱ्यावर पडली आहे. तिच्या वाटेला तू जाऊ नकोस. शेजाऱ्यावर कर्ज नसेल, त्याच्या घरची माणसेच राबत असतील, किंवा त्यानेही तिसऱ्याच कुणाचा आकडा पाहून आपला दर लावला असेल. तुझ्या दराची सुरुवात तुझ्या खर्चाच्या वहीतून झाली पाहिजे.

त्या वहीत खर्चाचे दोन भाग कर. पाहुणा आला तरच होणारा खर्च, म्हणजे चादरी-टॉवेलांची धुलाई, साफसफाई, एसीची वीज, चहा आणि घावणे-चटणीची न्याहारी, हा पहिला. खोली रिकामी असली तरी न चुकणारा खर्च, म्हणजे राखणदाराचा पगार, घरपट्टी, पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी आणि खाऱ्या वाऱ्याने गंजणाऱ्या वस्तूंची दुरुस्ती, हा दुसरा. तुझी आणि तुझ्या आईची मेहनतही मजुरी म्हणून यात धर; घरच्या बायकांचे कष्ट फुकट समजून काढलेला दर खोटा असतो, आणि असे दर मी फार घरांत पाहिले आहेत.

समजा, पहिला खर्च खोलीमागे रात्रीला ९०० रुपये आणि दुसरा वर्षाला ३,६०,००० रुपये आहे. तीन खोल्यांच्या मिळून वर्षात १,०९५ रात्री होतात. त्यांपैकी ४०० भरतील असे धरले, तर दुसऱ्या खर्चाचा वाटा रात्रीला ९०० रुपये येतो. म्हणजे वर्षाची सरासरी १,८०० रुपयांच्या वर राहिली पाहिजे. पण एखाद्या रात्री १,८०० पेक्षा कमी मिळाले म्हणजे नुकसान झाले, असे मात्र नाही. जुलैतल्या मंगळवारी कुणी १,४०० रुपये देऊन राहायला तयार असेल, तर वरचे ५०० रुपये राखणदाराच्या पगाराला हातभार लावतात. त्याला परत पाठवलेस तर तेही मिळणार नाहीत, कारण रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. ९०० च्या खाली मात्र कितीही ओळखीचा माणूस आला तरी उतरू नकोस. ज्याच्याकडून पैसे घेणे जिवावर येते, त्याला पाहुणा म्हणून बोलाव आणि काहीच घेऊ नकोस.

आता वर्षाचा तक्ता. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांचे दर वेगळे, शनिवार-रविवारचे वेगळे आणि आठवड्यातल्या इतर दिवसांचे वेगळे ठेव. साधारणपणे २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा, पॅरासेलिंग बंद असते, त्यामुळे त्यासाठी येणारा पर्यटक त्या काळात दर उतरवूनही येणार नाही. पावसात येतो तो पाऊस पाहायला आणि निवांत बसायला. त्याला एका रात्रीच्या सवलतीपेक्षा तिसरी रात्र निम्म्या दरात दिलेली अधिक भावते. गणपतीत गाड्या भरून येतात म्हणून आपल्या खोल्याही भरतील, असे समजू नकोस, कारण चाकरमानी स्वतःच्या घरी उतरतो. मालवणजवळच्या आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते आणि बाहेरून मोठी गर्दी लोटते; तिचे गणित याहून निराळे. तिची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते. तेव्हा ती जाहीर होईपर्यंत फेब्रुवारी-मार्चमधील मोठ्या आगाऊ बुकिंगना सवलतीचा शब्द देऊ नकोस. ३१ डिसेंबरची रात्र एकटी विकू नकोस. ती एकटी गेली की तिच्या मागची-पुढची रात्र रिकामी राहण्याची भीती असते, म्हणून तेव्हा किमान दोन रात्रींची अट घाल.

बुकिंगच्या संकेतस्थळावर खोली टाकताना दलालीचा हिशेब उलट्या बाजूने मांड. तुझ्या हातात २,५०० रुपये यायला हवेत आणि दलाली १५ टक्के आहे, तर २,५०० वर १५ टक्के चढवून २,८७५ लावू नकोस, कारण दलाली त्या पूर्ण रकमेवर कापली जाते आणि हातात सुमारे २,४४४ च येतात. २,५०० ला ०.८५ ने भाग, म्हणजे २,९४१ हा खरा आकडा मिळेल.

सुट्टीत अख्खे घर एकाच कुटुंबाला देशील, तेव्हा जीएसटीची पायरी डोळ्यांपुढे ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. ७,५०० ला पाहुण्याचे ७,८७५ होतात, तर ७,६०० ला ८,९६८. तुला शंभर रुपये जास्त मिळावेत म्हणून त्याने १,०९३ रुपये जास्त का मोजावेत? वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तू नोंदणी केली नाहीस, तरी संकेतस्थळावरून आलेल्या बुकिंगवर हा कर संकेतस्थळ वसूल करतेच. तीन खोल्या वेगवेगळ्या दाखवायच्या की घर एकच धरायचे, हे मात्र सनदी लेखापालाला विचारूनच ठरव.

जेवण खोलीच्या दरात घालू नकोस. सुरमई-पापलेटचा भाव रोज बदलतो, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजी मासळी दुर्मिळ होते आणि श्रावणात कितीतरी जण मासे खातच नाहीत. ताटाचा दर वेगळा लिही आणि तो त्या दिवशीच्या बाजारावर ठेव. जादा गादी, चालकाची झोपण्याची सोय आणि बुकिंग रद्द झाल्यास किती पैसे परत, हेही आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी कळव. एकदा पैसे घेतले की नंतर दुसऱ्याने दुप्पट देऊ केले, तरी पहिल्याची खोली त्याचीच.

बारा महिन्यांचा तक्ता तयार झाला की मला पाठव. दिवाळीचे आणि नाताळचे आकडे आपण आधी पाहू, कारण त्यांची विचारणा सर्वांत लवकर सुरू होते.

तुझा,
मामा