तू आपल्यातली आहेस की नाही?

प्रिय मनू,

मंडळाच्या गणपतीहून परत येताना तू विचारलंस, "आई, तू आरतीला हात जोडत नाहीस, पण मोदक तूच करतेस. मग तू आपल्यातली आहेस की नाही?" गाडीत इतर माणसं होती, म्हणून लिहून सांगते.

मी आपल्यातलीच आहे. देव न मानणं मी मेलबर्नला येऊन शिकले नाही, ते मला मराठीतच मिळालं, गोपाळ गणेश आगरकरांच्या लेखांतून. 1856 साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात त्यांचा जन्म झाला. कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. तरी पैशामागे लागणार नाही, असं त्यांनी आईला पत्राने कळवून टाकलं. 'केसरी'चे ते पहिले संपादक. पुढे टिळकांशी मतभेद विकोपाला गेले आणि 1888 साली त्यांनी 'सुधारक' काढला.

देवाची कल्पना माणसाच्या भीतीतून, स्वप्नांतून, गेलेल्यांच्या आठवणींतून कशी उभी राहिली असेल, हे त्यांनी लिहिलं. बालविवाहावर आणि केशवपनावर तर ते तुटून पडले. तुझ्याहून लहान मुलींची लग्नं लागत, आणि नवरा वारला की डोक्यावरचे केस काढून त्यांना आयुष्यभर आलवणात, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्यात ठेवत. का, तर शास्त्रात आहे म्हणून! याविरुद्ध बोलणाऱ्या आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली.

ती काढणारे काही दरोडेखोर नव्हते. सणाला शेजारी ताट पाठवणारी, पोराला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी माणसंच त्यात असणार. एकेकटा माणूस बऱ्यापैकी समजूतदार असतो, पण घोळक्यात शिरला की आपलं डोकं दुसऱ्याच्या हवाली करतो. मला देवापेक्षा या सवयीची काळजी जास्त वाटते, आणि असा घोळका देव न मानणाऱ्यांचाही होऊ शकतो.

म्हणूनच आगरकरांच्या घरातली गोष्ट मला त्यांच्या लेखांइतकी मोठी वाटते. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. आगरकरांनी त्यांच्यावर आपली मतं लादली नाहीत. आपल्याकडेही बाबा गणपती बसवतो, मी उकड काढते. ती गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळायची, पारीची कड पातळ ठेवायची, म्हणजे कळ्या फुटत नाहीत. हे आजीने मला शिकवलं. ते मी सोडणार नाही.

मात्र कुणाला इजा होत असेल तर गप्प बसायचं नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कुणाला देव सोडायला लावलं नाही. भूत उतरवतो म्हणून बाईला मारहाण करणाऱ्याला, नरबळी देणाऱ्याला शिक्षा व्हावी, एवढ्यासाठी ते वर्षानुवर्षं कायदा मागत होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरायला निघाले असताना पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याने ना वारी थांबली ना गणपती, आणि त्यांना तेच तर अपेक्षित होतं.

आता तुझ्या मुंजीचं. आजी दर फोनला विषय काढते, आणि तू माझ्याकडे बघतोस. मी उत्तर देणार नाही. नको असेल तर तूच तिला सांग, कारणासकट, आणि ती रागावली तर ऐकून घे. मुलींची मुंज का करत नाहीत, हेही विचार तिला. हवी असेल तर करू. मातृभोजनाला मी तुझ्याशेजारी पाटावर बसेन.

तुझी,
आई