ऑक्टोबरची नोंदणी राहिली, जानेवारीचा भरणा राहू देऊ नका

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) पगारी डॉक्टर होते. ऑगस्ट 2024 पासून लोकम जीपी (बदली फॅमिली डॉक्टर) म्हणून स्वतंत्रपणे काम करते. सेल्फ असेसमेंटची (स्वतः रिटर्न देऊन कर भरण्याच्या पद्धतीची) नोंदणी 5 ऑक्टोबर 2025 पर्यंत करायची होती, हे मला आत्ता डिसेंबरमध्ये कळलं. अकाउंटंट ‘मी बघतो’ एवढंच म्हणत राहिले. करासाठी ठेवलेले बरेचसे पैसे घराच्या डिपॉझिटमध्ये गेले. आता दंड किती बसेल? प्रकरण जीएमसीपर्यंत, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेपर्यंत, जाईल का?

उत्तर: डॉक्टर, नोंदणी आजच ऑनलाइन करून टाका. यूटीआर हा करदात्याचा दहा आकडी क्रमांक टपालाने येतो, त्याला कामाचे 15 दिवस लागू शकतात, आणि मध्ये नाताळ आहे.

आता दंडाचं. 5 ऑक्टोबर हुकली म्हणून ठरावीक रकमेचा दंड बसत नाही. फायनान्स अ‍ॅक्ट 2008 च्या 41व्या परिशिष्टाप्रमाणे उशिरा नोंदणीचा दंड त्या चुकीमुळे 31 जानेवारीला किती कर थकलेला राहिला, त्यावर मोजतात. म्हणजे 2024-25 चा सगळा कर 31 जानेवारी 2026 पर्यंत एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) जमा झाला, तर दंड मोजायला रक्कमच उरत नाही. कर थकला आणि चूक जाणूनबुजून केलेली नसली, तर दंड जास्तीत जास्त थकबाकीच्या 30 टक्के. तुम्ही आपणहून लवकर पुढे आलात तर तो शून्यापर्यंत खाली येऊ शकतो. मुद्दाम लपवल्याचं ठरलं तर मात्र हाच आकडा 100 टक्क्यांपर्यंत जातो.

माझ्याकडे येणारे बरेच डॉक्टर पुढच्या मुद्द्यावर फसतात. नोंदणी उशिरा झाली की एचएमआरसीची रिटर्नची नोटीसही उशिरा निघते, आणि ती 31 ऑक्टोबरनंतरची असेल तर रिटर्न भरायला नोटिशीच्या तारखेपासून तीन महिने मिळतात. पत्रावर मार्चमधली तारीख दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण ती मुदत फक्त रिटर्नची. वेळेत नोंदणी न केलेल्याला कर भरण्याची तारीख वाढवून मिळत नाही. ती 31 जानेवारीच राहते. यंदा त्या दिवशी शनिवार आहे, तेव्हा बँकेचं काम त्याच आठवड्यात आधी उरका.

रक्कम किती लागेल याचा अंदाज आत्ताच घ्या. समजा, पगारातून कापलेला कर वजा जाता 2024-25 चा आयकर आणि क्लास 4 नॅशनल इन्शुरन्स (स्वतंत्र कामाच्या नफ्यावरची सामाजिक विम्याची वर्गणी) मिळून 18,000 पाउंड निघतात. मग 31 जानेवारीला 18,000 भरून सुटका नाही. पुढच्या वर्षाचा निम्मा आगाऊ हप्ता, 9,000, त्याच दिवशी देय असतो, आणि उरलेले 9,000 31 जुलैला. एकूण करापैकी 80 टक्क्यांहून जास्त कर आधीच पगारातून कापला गेला असता तर आगाऊ हप्ते लागले नसते. तुमच्या बाबतीत तसं दिसत नाही.

27,000 एकदम जमत नसतील तर आधी ते 18,000 पूर्ण करा आणि रक्कम 2024-25 च्या करापोटी आहे हे फोन करून नोंदवून घ्या. आगाऊ हप्ता थकला तर फक्त व्याज लागतं. मूळ कर 30 दिवसांहून जास्त थकला तर व्याजाशिवाय 5 टक्के दंड, सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा तेवढाच. 18,000 सुद्धा जमत नसतील तर ‘टाइम टू पे’चे हप्ते मागा. देणं 30,000 पाउंडांपर्यंत असेल तर ते ऑनलाइन ठरतात, पण त्याआधी रिटर्न गेलेलं असावं लागतं. म्हणून मार्चची वाट पाहू नका. एखादा आकडा हाती नसेल तर तात्पुरता घालून तसं रिटर्नमध्ये नमूद करा. दुरुस्तीला पुढे वेळ मिळतो.

घाईत खर्च मात्र वाढवू नका. जीएमसीची फी, इन्डेम्निटी (रुग्णांच्या दाव्यांपासूनचं संरक्षण) हे खर्च चालतात. घर ते सर्जरी (जीपीचा दवाखाना) प्रवासाचे सगळे मैल टाकण्याआधी थांबा: 2014 च्या समादियन खटल्यात अप्पर ट्रायब्यूनलने (वरच्या अपील न्यायाधिकरणाने) एका डॉक्टरांचा घर ते खासगी रुग्णालय हा नेहमीचा प्रवासखर्च नाकारला होता, घरी ऑफिस असूनही.

अकाउंटंटवर विसंबले होते, हे एकटं कारण ‘रीझनेबल एक्स्क्यूज’ (रास्त कारण) म्हणून टिकत नाही. तुम्ही स्वतः पाठपुरावा केला होता हे दाखवावं लागतं. त्यांना पाठवलेले सगळे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आजच तारखेनुसार एका फोल्डरमध्ये ठेवा. दंडाची नोटीस आलीच, तर अपिलाला 30 दिवस असतात.

जीएमसीच्या भीतीने तुमची झोप उडाली आहे, असं पत्रावरून वाटतं. उशिरा नोंदणीचा दंड दिवाणी असतो. तो गुन्ह्याची शिक्षा नाही आणि पोलिसांची कॉशनही (औपचारिक ताकीद) नाही. डॉक्टरला अडचणीत आणतो तो अप्रामाणिकपणा, म्हणून लोकमच्या सुरुवातीची तारीख पुढे ढकलून लिहायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. ऑगस्ट 2024 म्हणजे ऑगस्ट 2024.

याच रिटर्नमधली स्वतंत्र कामाची खर्च वजा करण्याआधीची उलाढाल 50,000 पाउंडांपेक्षा जास्त असेल, तर 6 एप्रिल 2026 पासून ‘मेकिंग टॅक्स डिजिटल’ (डिजिटल हिशेबाची सक्ती) तुम्हाला लागू होईल आणि दर तिमाहीला आकडे पाठवावे लागतील, पहिले 7 ऑगस्टपर्यंत. ते काम याच अकाउंटंटकडे ठेवायचं की नाही, हे मार्चच्या आत ठरवा.